मदत हवी आहे : बीजोत्पादनाच्या कांद्याशेजारचे मोहोळ जाळण्यापासून कसे वाचवावे?

कांदेकरी :
आमच्या बांधावरच्या वडावर मोहोळ बसले असून भावकीतील मंडळी ते जाळायला निघाली आहेत. माझा बीजोत्पादनाचा कांदा ऐन फुलोऱ्यात आहे. माशा गेल्या तर गोंड्यांत बी भरणार नाही, हे सांगून मी थकलो. त्यांना पटेल असे कारण आणि काही उपाय कृपया आजच सुचवावा.

रानवाट :
माशा कोणत्या, पोळे किती उंचीवर आणि खालून वहिवाट आहे का, हे कळल्याशिवाय काय सांगणार? फुलोरी माशीचे लहानसे पोळे झुडपात असते, सातेरी ढोलीत समांतर पोळी बांधते. उघड्यावर एकच मोठे पोळे लोंबत असेल तर ती आग्या माशी होय.

कांदेकरी :
आग्याच आहे. पोळे तीन पुरुष उंच असून खालून शाळेची वाट जाते. एका मुलाला माशा चावल्यापासून हे सारे सुरू झाले.

पेटीवाला :
मोहोळाचा नाद सोडा आणि सातेरीच्या पेट्या ठेवा. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, ते अशा पेट्यांच्याच बळावर. मी स्वतः पेट्यांवर समाधानी आहे.

बियाणेमित्र :
प्रमाणित बियाणे करणार असाल, तर दुसऱ्या वाणाच्या फुलोऱ्यापासून ५०० मीटर अंतर राखले आहे ना, हे आधी पाहावे.

रानवाट :
अंतराचा प्रश्न त्यांनी विचारलेलाच नाही. पेटीवाले, पेट्या जरूर ठेवाव्यात, पण त्यासाठी आग्या का जाळायची? ती पेटीत नांदत नाही, मात्र लांबवर उडते आणि चांदण्या रात्रीही फुलांवर जाते. भावकीला गोंडा हातात धरून दाखवा : कांद्याच्या फुलातील पराग आधी गळतो आणि त्याच फुलाचे स्त्रीकेसर नंतर तयार होते, त्यामुळे दुसऱ्या फुलाचा पराग कोणीतरी आणून द्यावाच लागतो. आग्या स्थलांतर करणारी आहे. परिसरातील फुलोरा ओसरला की बहुधा ती आपणहून निघून जाईल. तोवर मुलांची वाट दुसऱ्या बांधावरून न्या आणि झाडाखाली धूर किंवा दगडफेक होऊ देऊ नका. माशी चावलीच, तर नांगी लगेच खरवडून काढून तिथून दूर पळावे, कारण नांगीच्या वासाने इतर माशा चवताळतात.

पेटीवाला :
मुलांच्या जिवाशी खेळ नको, एवढेच माझे म्हणणे आहे. शेजारी फवारणी चालू आहे का?

कांदेकरी :
वाट आजच बदलतो. शेजारचे काका फुलकिड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड फवारतात. संध्याकाळी फवारले तर चालेल का?

रानवाट :
हे औषध आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत पसरणारे, असल्याने मकरंदातही उतरते, म्हणून केवळ वेळ बदलून भागणार नाही. काकांचेही पीक फुलोऱ्यात आहे का, ते आधी लिहा.