न्यूबेरी पदकाच्या कादंबऱ्या मोठ्यांनी वाचायच्या तर सुरुवात कुठून?

शमीपत्र:
चाळिशीपुढच्या वाचकांच्या कट्ट्यासाठी न्यूबेरीच्या, म्हणजे अमेरिकेत दरवर्षी मुलांच्या उत्तम पुस्तकाला मिळणाऱ्या पदकाच्या, चार कादंबऱ्या निवडायच्या आहेत. १९२२ पासून क्रमाने घ्याव्यात का? काहींना शंका आहे की मुलांची पुस्तकं एका बैठकीत संपतील आणि चर्चेला काही उरणार नाही.

जुनी_पानं:
क्रमाने अजिबात नको. १९२२चं पहिलं पदक मानवजातीच्या इतिहासावरच्या जाडजूड ग्रंथाला आहे, ती कादंबरीच नाही. अर्धे लोक तिथेच गळतील. रौप्य, म्हणजे उपविजेत्या पुस्तकांची यादीही पाहा. 'शार्लट्स वेब' १९५३ला रौप्यवरच राहिलं, त्यामुळे नुसती सुवर्ण यादी चाळली तर ते हातून सुटतं. आणि पदकाचं साल पुस्तकाच्या सालापेक्षा साधारण एकाने पुढे असतं. ग्रंथालयात शोधताना हे लक्षात ठेवा.

मधली_सुट्टी:
पहिलं पुस्तक लुई सॅकरचं 'होल्स' (पदक १९९९) घ्या. इंग्रजी अगदी सोपं, प्रकरणं ५०, बरीचशी दोन-चार पानांची. धोका यातच आहे: लोक भराभर उरकतात आणि जोडण्या निसटतात. आजची बालगुन्हेगारांची छावणी, शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं त्याच जागेवरचं गाव आणि लाटव्हियातले पूर्वज असे तीन काळ एकमेकांत गुंफलेत. वाचताना कागदावर चारच गोष्टी टिपा: कांदे, पीच, पिवळ्या ठिपक्यांचे सरडे आणि अंगाईगीत. कुठली पुन्हा कुठे येते त्याचा पानक्रमांक लिहा.

मोठ्यांना त्यात काय मिळतं? एकच उदाहरण देते. मुलांनी रोज पाच फूट खोल, पाच फूट रुंद खड्डा खणायचा, आणि फावडं हीच मोजपट्टी. त्यात एक फावडं बाकीच्यांपेक्षा किंचित आखूड आहे. म्हणजे खड्डाही तेवढा लहान! म्हणून ते एकाच पोराचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. त्या टोळीत कोणाची चलती आहे, हे सॅकर असं केसभर फरकाने दाखवतो. मुलं ही ओळ वाचून पुढे जातात. नोकरीत मुरलेला माणूस तिथे थांबतो.

शमीपत्र:
छान. पुढची तीन?

जुनी_पानं:
'अ रिंकल इन टाइम' (१९६३) आणि लगेच रिबेका स्टेडचं 'व्हेन यू रीच मी' (२०१०), याच क्रमाने. दुसऱ्यातली मिरांडा पहिलं पुस्तक सतत वाचत असते आणि त्यातल्या कालप्रवासावरचा वादच कोड्याची किल्ली आहे. उलट क्रमाने वाचलं तर ती किल्ली हाती लागत नाही. आणखी एक: मिरांडाची आई अमेरिकेतल्या एका टीव्ही खेळाची तयारी करतेय. त्यात एकाने वस्तूंची नावं घ्यायची आणि जोडीदाराने त्यांचा गट ओळखायचा. प्रकरणांची विचित्र शीर्षकं त्यातून आलीत. आधी सांगून ठेवा, नाहीतर लोक अडखळतात.

मधली_सुट्टी:
चौथं लोइस लॉरीचं 'द गिव्हर' (१९९४). याला दोन बैठका लागतील. तिसऱ्या प्रकरणात नायक जोनास झेलाझेली खेळत असताना सफरचंद हवेत क्षणभर बदलतं. काय बदललं ते बाराव्या प्रकरणात कळतं, म्हणून पहिली बैठक अकराव्यापर्यंतच ठेवा आणि सगळ्यांना अंदाज लिहायला लावा. उलगडा झाल्यावर पहिली तीन प्रकरणं पुन्हा वाचायची. लॉरीने वर्णनातून काय गाळलं होतं, ते तेव्हा दिसतं. शेवट मुद्दाम मोकळा सोडलाय. याच मालिकेत पुढे तीन पुस्तकं आहेत आणि त्यांत जोनासचं पुढे काय झालं याचा पत्ता लागतो. चर्चा होईपर्यंत ती कोणी उघडू नयेत.