उगाळत बसण्याची सवय

‘मनात काय येतं ते हातात नसतं, रात्री तर विचार छळतात, मग स्वभाव बदलणार कसा?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पहिला विचार हातात नसतो, खरंच. पण तो किती वेळ उगाळायचा ही सवय असते, आणि माझ्या मते मूड तिथेच ठरतो.

मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, उदास वाटलं की तुम्ही काय करता? त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ला, तिथे लोमा प्रिएटाचा मोठा भूकंप झाला. ज्यांना आधीपासून आतल्या आत कुढत राहायची सवय होती, त्यांच्यात ७ आठवड्यांनंतरही नैराश्याची लक्षणं जास्त दिसली. आधीचं नैराश्य हिशेबात धरूनही!

मात्र ‘पॉझिटिव्ह विचार करा’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. दुखावलेल्या माणसाला तो झिडकारल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात विकसित केलेली पद्धत बरी: विचार कागदावर उतरवायचा आणि त्याला पुरावा काय, ते तपासायचं. ‘मला कुणी विचारत नाही’ असं लिहिलं, की कालच आवर्जून फोन करणारी मावशी आठवते.

रात्री विचार छळतात म्हणालात, तर हे लिखाण संध्याकाळीच उरका.