हवेवरची गाडी जुनी घेताना : सातारा-सांगलीकरांनो, तुमचे अनुभव सांगा

सातारा, धागाकर्ता

नऊ वर्षं वापरलेली, परदेशी बनावटीची फोर बाय फोर बघून आलोय. तिला स्प्रिंगऐवजी चारी चाकांवर हवेचे रबरी बलून (एअर सस्पेन्शन) आहेत, कॉम्प्रेसर त्यांत हवा भरून गाडी उचलून धरतो. एमएच ११ पासिंग, डिझेल, ८८ हजार किलोमीटर. नव्या गाडीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यात मिळतेय. आमचं गाव बामणोलीच्या अंगाला. जीपच्या कमानीचे दणके आईला आता सोसत नाहीत, कास ओलांडेपर्यंत तिची कंबर धरते. या गाडीत बसवून येवतेश्वरचा घाट चढलो, तर तिला झोप लागली. तिथंच माझं मन अडकलं.

पण परवा सकाळी न कळवता गेलो, तर गाडी मागच्या डाव्या चाकावर बसलेली. मालक म्हणाले, "थंडीनं होतं, चालू केली की उठते." उठलीही. अशी गाडी ज्यांनी जुनी घेतली, त्यांनी खर्चासकट सांगावं. घेता घेता सोडली असेल, तर तेही सांगा.

कराड

थंडीनं होतं हे अर्धंच खरं आहे. थंडीत हवा आकसते, रबर कडक होतं, त्यामुळे चारी बाजू थोड्या उतरू शकतात. एकच कोपरा बसतो, तेव्हा बहुतेक वेळा तिथून हवा जात असते.

मलाही हेच उत्तर मिळालं होतं आणि मी ते मान्य केलं. २०२१ च्या दिवाळीत गाडी घेतली. पुढचा उजवा कोपरा रात्रीतून दोन बोटं उतरायचा. चालू केल्यावर कॉम्प्रेसर हवा भरून उचलायचा, म्हणून मी सहा महिने लक्षच दिलं नाही. कुठं तरी बारीक भेग होती आणि ती भरून काढायला तो बिचारा कॉम्प्रेसर दिवसभर पळत होता. शेवटी पसरणी घाटात मुलं मागं बसलेली असताना सस्पेन्शनचा दिवा लागला आणि गाडी पुढून खाली गेली. चाक वळवलं की टायर आतल्या पत्र्याला घासायचा. वाईपर्यंत उतरायला तासाहून जास्त लागला. ती भीती मी विसरलेलो नाही.

पुढच्या चाकाचा बलून ६२ हजार, कॉम्प्रेसर ४८ हजार, रिले (कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा स्विच) आणि मजुरी धरून सव्वा लाखाच्या वर गेलं. वेळेवर बलून बदलला असता तर कॉम्प्रेसर वाचला असता. विमा कंपनीनं एक रुपया दिला नाही, कारण झीज आणि यांत्रिक बिघाड साध्या पॉलिसीत बसत नाहीत. हे मी आधी वाचायला हवं होतं.

मिरज, गॅरेजवाला

पहिलं जिवाचं सांगतो. बसलेल्या गाडीखाली नुसत्या हवेच्या भरवशावर कुणीही वाकून बघू नका. माझ्या डोळ्यांदेखत दार लावल्याबरोबर गाडीनं स्वतःला खाली घेतलं आणि पोराचा हात चेपला. जॅक मोड लावायचा (म्हणजे गाडी आपोआप वर-खाली होत नाही), घोड्या म्हणजे लोखंडी स्टँड लावायचे, मगच खाली जायचं.

आता तपासणी. मालकाला सांगा, सपाट जागेवर गाडी उभी करा आणि रात्रभर हलवू नका. चाकाच्या मधोमधपासून वरच्या पत्र्याच्या गोल कडेपर्यंत चारी बाजूंनी टेपनं माप घ्या, लिहून ठेवा. सकाळी दार उघडायच्या आधी परत घ्या, कारण काही गाड्या दार उघडलं की पातळी सुधारायला लागतात. मग चालू करून सर्वांत खालच्या उंचीवरून सर्वांत वरच्या उंचीवर न्या आणि घड्याळ लावा. कॉम्प्रेसर घरघरला, फार वेळ चालला किंवा मध्येच थांबला, तर तो थकलाय.

साबणाचं पाणी बलूनच्या घडीवर, पाइपच्या जोडावर आणि व्हॉल्व्ह ब्लॉकवर (चारी बलूनला हवा वाटून देणारा ठोकळा) मारा. बुडबुडे घडीवर आले तर बलून गेला. दोन बाजू एकदम उतरत असतील तर आधी व्हॉल्व्ह ब्लॉक बघायचा. कॉम्प्रेसरची हवा सुकवणाऱ्या ड्रायरमधले ओल शोषणारे दाणे जुने झाले की त्यांची भुकटी होते आणि ती व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसते. म्हणून नवा कॉम्प्रेसर टाकताना जुना ड्रायर ठेवायचा हट्ट गिऱ्हाइकानं धरला की मी काम घेत नाही.

आणि स्वस्तातला स्कॅनर फक्त इंजिन वाचतो. सस्पेन्शनचं मॉड्यूल (त्याचा वेगळा कॉम्प्युटर) वाचणारा लावा. बिघाडाचे सगळे कोड साफ दिसले म्हणून खूश होऊ नका, आदल्या दिवशी पुसलेले असतात. गाडी पन्नासेक किलोमीटर चालवून परत लावा.

सांगली

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या गल्लीत गाड्या बॉनेटपर्यंत बुडाल्या होत्या. पुढं त्यातल्या कित्येक धुऊनपुसून विकल्या गेल्या. आमच्या भावकीतल्या एकानं अशीच आलिशान गाडी घेतली. सीट नव्या, वास नाही. पण कॉम्प्रेसरच्या जोडणीत हिरवा गंज आणि उंची मोजणाऱ्या सेन्सरच्या दांड्या जाम. दर महिन्याला नवा दिवा लागायचा. गालिचा उचला, सीटच्या रुळांखाली हात घाला, गाळ राहतोच. विम्याचा दावा कधी झाला होता, तेही मागवा.

विटा

दिल्ली पासिंगची स्वस्त दिसते म्हणून भुलू नका. तिथं २०१५ मध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाईचा आदेश निघाला, तेव्हापासून त्या इकडं यायला लागल्या. एनओसी (तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला), बँकेचा बोजा उतरवणं, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर हे सगळं धरलं तर आमची स्वस्ताई संपली. व्यवहार मोडला आणि बरं झालं.

तासगाव, द्राक्षबागायतदार

मी चारही बलून काढून साधे स्प्रिंग बसवले. बागेत काम, चिखल रोजचा, आणि छाटणीच्या दिवसांत गाडी गॅरेजात ठेवणं परवडत नाही. तीन वर्षं झाली, बसायची कटकट गेली. पण ज्यासाठी गाडी घेतली होती तो मऊपणाही गेला. ओढ्यात उतरताना गाडी उचलून घ्यायची सोय गेली. डॅशबोर्डवरचा इशारा बंद करायला वेगळं काम करावं लागलं. भाऊ, तुम्ही आईसाठी घेताय, तर हा मार्ग तुमचा नाही असं मला मनापासून वाटतं. हवेवरच ठेवा, फक्त आठवड्याला बलूनच्या घडीतला चिखल पाण्यानं काढत जा. वाळूच रबर कापते.

पाचगणी

पाच वर्षं वापरतोय, समाधानी आहे. बलून एकदा जोडीनं बदलले. वर्षाला ५० हजार वेगळे ठेवतो, लागले नाहीत तर पुढच्या वर्षात जमा.

सातारा, धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल रात्री नऊला माप घेतलं, चारी बाजू ४९ सेंटिमीटरच्या आसपास. आज सकाळी सहाला तीन बाजू ४८ च्या वर, मागची डावी ४२. मिरजेच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे घोड्या लावून साबणाचं पाणी मारलं, बलूनच्या घडीवर बुडबुडे आले. स्कॅनरमध्ये कॉम्प्रेसर तापल्याची जुनी नोंदही निघाली.

मालकांना सगळं दाखवलं. ते म्हणाले, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, आणि मला ते पटलं. मागचे दोन्ही बलून आणि ड्रायर ते बदलून देणार, कॉम्प्रेसरचे पैसे किमतीतून कमी करणार. त्यानंतर गाडी दोन रात्री आमच्या अंगणात उभी राहील, मगच पैसे आणि सह्या. आईला अजून काही सांगितलेलं नाही. तिसऱ्या सकाळी माप घेऊन इथं लिहितो.