जॉश गिब्सनचं १९३३ चं कार्ड: जे कधी छापलंच गेलं नाही, ते आपण बनवावं का?

अलेघेनीकाठ

मंडळी, जरा लांबण लागेल, पण गेले दोन महिने हेच डोक्यात घोळतंय.

ज्यांना बेसबॉल कार्डं माहीत नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं. अमेरिकेत पूर्वी सिगरेटच्या पाकिटात आणि पुढे च्युइंगमच्या पुडीत खेळाडूचं रंगीत चित्र असलेला छोटा पुठ्ठा निघायचा. १९३३ साली बॉस्टनच्या गौडी गम कंपनीने काढलेला २४० क्रमांकांचा संच हा त्यातला माझा सगळ्यात आवडता. पुढे रंगवलेलं चित्र, तळाशी लाल पट्टी, पाठीवर हिरव्या शाईत खेळाडूची माहिती. जेमतेम पावणेतीन-तीन इंच उंची, तळहातात मावणारं. एकट्या बेब रूथची त्यात चार कार्डं आहेत.

मी पिट्सबर्गला राहतो. संध्याकाळी ऑफिसातून आलो की जुन्या खेळाडूंची जुन्या धाटणीची कार्डं बनवतो. विकत नाही, माझ्यासाठी आणि दोस्तांसाठी. यंदा जॉश गिब्सन घेतला. १९३३ साली तो याच गावात क्रॉफर्ड्स या काळ्या खेळाडूंच्या संघाचा एकवीस वर्षांचा कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा) होता. काळा म्हणून मेजर लीगचं, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात वरच्या व्यावसायिक बेसबॉलचं, दार बंद, आणि ते बंद म्हणून गौडीच्या संचातही तो नाही. २० जानेवारी १९४७ ला पस्तिसाव्या वर्षी गेला. तीनच महिन्यांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू मेजर लीगच्या ब्रुकलिन संघाकडून मैदानात उतरला, आणि ते दार उघडलं. इथल्या अलेघेनी स्मशानभूमीत गिब्सनचं थडगं १९७५ पर्यंत दगडावाचून होतं. २०२४ मध्ये मेजर लीगने नीग्रो लीगचे, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या स्पर्धांचे, आकडे आपल्या नोंदीत घेतले आणि गिब्सनची ०.३७२ ही फलंदाजीची सरासरी जुन्या काळच्या टाय कॉबच्या वर जाऊन पहिली ठरली.

तर मी त्याचं कार्ड बनवलं. जुन्या फोटोवरून चौपट आकारात रंगवलं, मग लहान करून करड्या पुठ्ठ्यावर छापलं. लाल रंगाचा थर मुद्दाम केसभर सरकवला, कारण त्या काळी छपाईत तो तसा सरकायचा. कोपरे सँडपेपरने मारले, चहाच्या पाण्यात बुडवून दोन दिवस जाड पुस्तकाखाली वाळवलं. क्रमांक दिला १०६. गौडीने १९३३ मध्ये १०६ छापलाच नव्हता. पोरं तो शोधत गमच्या पुड्या घेत राहिली. लोकांची पत्रं आल्यावर कंपनीने १९३४ मध्ये नॅप लाजोईचं कार्ड त्या क्रमांकाने छापून पोस्टाने पाठवलं. लाजोई मोठ्या लीगमधून १९१६ लाच बाहेर पडलेला. मला वाटलं, मोकळ्या राहिलेल्या त्या जागेवर खरा हक्क गिब्सनचा आहे.

एका जवळच्या मित्राने कार्ड हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "हे तू चुकीचं केलंस." तुम्हाला काय वाटतं?

जुनाकागद

तुमच्या मित्राशी मी सहमत आहे.

१९३३ च्या संचात गिब्सन नाही, ही चुकून राहिलेली जागा नाही. ती जाणूनबुजून ठेवलेली आहे. तुमचा चहात बुडवलेला पुठ्ठा असं सांगतो की बॉस्टनच्या एका कारखान्यात १९३३ साली कुणीतरी या काळ्या मुलाचं चित्र रंगवलं, छापलं आणि गोऱ्या पोरांनी ते एक सेंटच्या गमसोबत घरी नेलं. असं झालं नाही. होऊ दिलं नाही. तुम्ही त्या कंपनीला, त्या काळाला, नसलेलं मन बहाल करताय.

गिब्सनवर अन्याय झाला याचा पुरावा काय, तर हाच की त्याचं कार्ड नाही. तो पुरावा तुम्ही सँडपेपरने घासून टाकलात.

खडूपाटी

जुनाकागद, तुमचं म्हणणं टोचतं, पण पटत नाही. रिकामी जागा कुणाला दिसते? ज्याला संच तोंडपाठ आहे त्याला. बाकीच्यांना ती रिकामी आहे हेच कळत नाही. जे नाही ते नजरेला पडतच नाही, म्हणून तर इतकी वर्षं चाललं.

टी-२०६ हा सिगरेटच्या पाकिटातल्या कार्डांचा संच घ्या. १९०९ ते १९११, अमेरिकन टोबॅको कंपनी. त्यात मायनर लीगचे (खालच्या पातळीच्या स्पर्धांचे) शंभरावर खेळाडू आहेत, ज्यांची नावं आज त्यांच्या गावातही कुणी घेत नसेल. आणि त्याच १९०९ साली शिकागोत लेलँड जायंट्स या काळ्या खेळाडूंच्या संघाकडून गोलंदाजी करणारा रूब फॉस्टर त्यात नाही. पुढे १९२० मध्ये कॅन्सस सिटीत ज्याने नीग्रो नॅशनल लीग उभी केली, तो. आजवर किती संग्राहकांनी टी-२०६ ची यादी चाळताना म्हटलं असेल, "अरे, फॉस्टर कुठाय?" समोर कार्ड ठेवलं की माणूस विचारतो. पोकळी दाखवायची तर तिच्यात काहीतरी ठेवून बघावं लागतं.

एडिसनची माई

आमच्या घरातलं सांगते. माझा मुलगा अकरा वर्षांचा, लिटल लीग (मुलांचं बेसबॉल) खेळतो, कार्डांचा जाडजूड बाइंडर आहे त्याच्याकडे. मी त्याला गिब्सनबद्दल सांगायला गेले तर म्हणाला, "त्याचं कार्ड दाखव." त्याच्या लेखी कार्ड म्हणजे ओळखपत्र. ज्याचं कार्ड नाही तो खेळलाच नाही.

मी फोनवर एक नवं चकचकीत कार्ड दाखवलं. मुलाने विचारलं, "म्हणजे हा आत्ताचा खेळाडू आहे?" जुन्या धाटणीचं असतं तर त्याला तो काळ लगेच कळला असता. त्यामुळे धागाकर्त्याची धाटणी मला योग्य वाटते. चहाबद्दल मात्र मनात शंका आहे.

भिंगवाला

माईंची शंका योग्य जागी आहे. मी पंधरा वर्षं जुनी कार्डं गोळा करतोय, म्हणून या एकाच मुद्द्यावर बोलतो.

धागाकर्ता विकणार नाही, मान्य. पण कार्ड माणसापेक्षा जास्त जगतं. दोस्ताकडून भाच्याकडे, भाच्याकडून गराज सेलमध्ये. तिथे ते "आजोबांच्या पेटीतलं" होतं. मी स्वतः एकदा फसलोय. जुनं म्हणून एक कार्ड घेतलं, घरी आणून काळ्या दिव्याखाली (अतिनील किरणांच्या) धरलं तर निळंशार चमकलं. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमक आणणारी रसायनं १९३३ च्या कागदात नव्हतीच. मग भिंग लावलं. जिथे अक्षराची रेघ भरीव हवी तिथे ठिपकेच ठिपके. कुणीतरी जुन्या कार्डाचा स्कॅन छापला होता. विकणारा माणूस प्रामाणिक होता, त्यालाही ते कुणीतरी खरं म्हणूनच दिलं होतं.

आणि हा छंद आधीच पोळलेला आहे. टी-२०६ मधलं होनस वॅग्नर या खेळाडूचं सर्वात गाजलेलं कार्ड १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि भागीदाराने ४,५१,००० डॉलरला घेतलं. पुढे २०१३ मध्ये ज्याने ते पूर्वी विकलं होतं त्या लिलावदाराने कोर्टात कबूल केलं की कडा सुबक दिसाव्यात म्हणून आपण ते कापलं होतं. खऱ्या कार्डाची ही गत, तर चहात बुडवलेल्याचं काय होईल?

अमेरिकेत नकली जुनी नाणी बनवली तर त्यावर 'प्रत' असा शिक्का मारायला १९७३ चा कायदा लावतो. निवडणुकीच्या जुन्या बिल्ल्यांच्या नकलेवर ती बनवल्याचं साल घालावं लागतं. बेसबॉल कार्डं त्या कायद्यात नाहीत. म्हणून ती जबाबदारी बनवणाऱ्याच्या अंगावर येते. धाटणी जुनी घ्या, वय खोटं देऊ नका.

अलेघेनीकाठ

भिंगवाला, चहाचं मान्य. खरं सांगायचं तर चहा हा त्यातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात मजेचा भाग होता, म्हणून मी तो केला. त्यामागे दुसरा विचार नव्हता.

पण जुनाकागद, तुमच्यासाठी एक गोष्ट मागे ठेवली होती, ती सांगतो. रंगवताना मी गौडीच्या चेहऱ्यांचे मोठे स्कॅन समोर ठेवले होते. चेहरा कसा बनवलाय ते बघत होतो. फिकट गुलाबी, गालावर थोडा लाल, टोपीच्या सावलीत तपकिरी. गिब्सनच्या चेहऱ्याला तो हिशोब लावायला गेलो आणि हात थांबला. लागूच होईना. सावलीचा जो तपकिरी त्यांनी हनुवटीखाली वापरलाय, तो घेऊन उजेडातला गाल रंगवला तर चेहरा मेल्यासारखा दिसायला लागला. चार वेळा पुसलं. शेवटी पिवळ्यावर लाल, त्यावर अगदी पातळ काळा, असा माझा मीच रंग जुळवला. गौडीच्या संचात त्याला नमुना नाही. गिब्सनला कार्ड नाकारलं हे मला माहीत होतं, पण त्याच्या कातडीचा रंगसुद्धा त्या पेटीत नव्हता हे मला ब्रश हातात घेतल्यावर कळलं. कार्ड बनवलं नसतं तर कधीच कळलं नसतं.

जुनाकागद

हे तुम्ही लिहिलंत ते वाचून थोडा वेळ थांबलो.

पण बघा, तुमच्याच अनुभवातून माझं म्हणणं निघतं. ज्या क्षणी तुम्ही तो रंग जुळवलात, त्या क्षणी ते गौडीचं कार्ड राहिलं नाही. ते तुमचं झालं. मग त्यावर गौडीची पट्टी आणि १०६ हा आकडा कशाला? तो आकडा तर गमच्या पुड्या खपवायला लपवलेला होता. तिथे गिब्सनला बसवणं म्हणजे एका दुकानदारी युक्तीच्या फटीतून त्याला आत घेणं. स्वतःची सही करा, आजचं साल घाला.

वकिलीण

मध्ये कायद्याचं दोन शब्दांत सांगते, कारण कुणीतरी हे वाचून विकायला काढेल. खेळाडूच्या चेहऱ्यावर त्याचा हक्क, ही कल्पना अमेरिकन कायद्यात नावारूपाला आली तीच मुळी बेसबॉल कार्डांच्या भांडणात: १९५३, हेलन लॅबोरेटरीज विरुद्ध टॉप्स, दोन्ही गम कंपन्या. मृत्यूनंतर हा हक्क किती टिकतो ते राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्नियात ७० वर्षं, इंडियानात १००. म्हणजे इंडियानाच्या हिशोबाने गिब्सनचा हक्क २०४७ पर्यंत चालतो. फोटोचा कॉपीराइट वेगळा, संघाचं बोधचिन्ह वेगळं. भिंतीवर लावायला बनवणं आणि बाजारात मांडणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. पिट्सबर्गमध्येच त्याच्या कुटुंबीयांनी चालवलेलं जॉश गिब्सन फाउंडेशन आहे. त्यांना एक पत्र लिहायला काय हरकत आहे?

खडूपाटी

वाचताना सारखे दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळू आठवत होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेणारा माणूस, आणि पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना स्वतःच्याच सवर्ण साथीदारांपासून दूर, चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या कपात. उद्या मी त्यांचं त्या काळच्या सिगरेट कार्डाच्या धाटणीत चित्र काढलं तर मला तो मातीचा कप कार्डावर दाखवावासा वाटेल. जुनाकागद, तेव्हा तुमची हरकत असेल का?

जुनाकागद

कप दाखवलात तर नाही. कारण तेव्हाच्या कुठल्याही कंपनीने तो दाखवला नसता. बघणाऱ्याला क्षणात कळेल की हे नंतरचं आहे, आणि का आहे.

अलेघेनीकाठ

काल रात्री पुन्हा बसलो. चहा नाही, सँडपेपर नाही. पट्टी लालच ठेवली आहे, पण त्यावर गमचं नाव नाही, फक्त 'पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स'. क्रमांक २४१, म्हणजे संच संपल्यानंतरचा. आकार मूळपेक्षा पाव इंच मोठा, म्हणजे गौडीच्या गठ्ठ्यात ठेवलं तर बाहेर डोकावेल. फाउंडेशनला पत्राचा मसुदा लिहिलाय, वकिलीणबाई, वेळ असेल तर नजर टाका.

पाठीवर हिरव्या शाईत हे:

"क्र. २४१. जॉश गिब्सन, कॅचर. जन्म २१ डिसेंबर १९११, ब्युएना व्हिस्टा, जॉर्जिया. १९३३ साली हा पिट्सबर्गमध्ये खेळत होता. १९३३ साली हे कार्ड छापलं गेलं नाही."

खाली माझं नाव आणि चालू साल.

जुनाकागद

पाठ उत्तम. पट्टी अजूनही नको वाटते मला. त्या लाल पट्टीत गौडीच दिसते, नाव काढलं तरी.

एडिसनची माई

पट्टी राहू द्या. आणि एक प्रत आमच्या बाइंडरसाठी पाठवाल का? पाव इंच मोठं आहे म्हणता, तर मोठ्या खिशाचं पान घेऊन ठेवते.