शब्दचर्चा: ट्रंकेत सापडलेल्या या जुन्या बागकामाच्या हत्यारांना काय म्हणतात?

ओसरीवरची:
नमस्कार मंडळी. आमचे आजेसासरे शेतकी खात्यात होते, बदलीची नोकरी, आधी नाशिक मग मिरज मग शेवटी रत्नागिरी जिल्हा असं फिरत रिटायर झाले आणि जिथे जातील तिथलं काही ना काही हत्यार जमवायची त्यांना हौस, ती सगळी एका पत्र्याच्या ट्रंकेत माळ्यावर पडून होती. खुरपी, विळे, एक सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री, दाताळ्याचं नुसतं डोकं हे ओळखता आलं. पण पाच वस्तू अशा आहेत की घरात कोणालाच ना नाव माहीत ना उपयोग. एक, अंगठ्यात बसेल अशी लोखंडी टोपी, पुढे वाघनखासारखं चपटं धारदार टोक. सासरे म्हणतात सतारीची नखी असणार कारण मिरज, मला पटत नाही. दोन, घडीचा चाकू, पात्यावर शेफिल्ड लिहिलंय, आणि मुठीच्या मागच्या टोकाला पांढऱ्या हाडाची चपटी गुळगुळीत जीभ. तीन, छोटा चाकू पण पाती दोन, एकमेकांना समांतर, मधे जेमतेम चार-पाच मिलिमीटरची फट. चार, पितळी पिचकारी, हातभर लांब, चांगलीच जड. पाच, लाकडाचा वीतभर वाकडा तुकडा, दोरी ओवायला भोकं आणि मधे खाच. प्रत्येकाचं तिकडचं नाव हवंय, पुस्तकी नको.

बेडगकर:
ताई, पहिलीचं सांगतो. ती नखीच, पण सतारीची नाही, पानमळ्यातली. आमच्याकडे बेडग, मालगाव, नरवाड, आरग सगळीकडे पानमळे, तिथे पान खुडणारा गडी अंगठ्यात ही घालतो आणि देठ नखीवर धरून तर्जनीने दाबला की पान कट. हाताने ओढून तोडलं तर वेल हिसकली जाते, आधाराच्या शेवरीच्या झाडावरनं सुटते, देठ पण फाटतो आणि फाटक्या देठाचं पान लवकर खराब होतं. नुसत्या नखाने करायचं म्हटलं तर दिवसाला हजारो पानं खुडायची असतात, नख राहणारच नाही. सासऱ्यांना सांगा सतारीची नखी तारेची असते आणि ती तर्जनीत घालतात, अंगठ्यात नाही. दोन्ही मिरजेच्याच म्हणून गोंधळ होणं साहजिक आहे.

ओसरीवरची:
वा. सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते आता म्हणतायत की 'नखी हे नाव तर मीच सांगितलं होतं'.

पुस्तककिडा:
दोघांचाही विजय झाला म्हणायचा. तसा हा प्रकार नेहमीचा आहे, मराठीत वस्तूला नाव आकारावरून पडतं आणि मग तोच आकार दुसऱ्या धंद्यात दिसला की तेच नाव तिकडेही चिकटतं. त्यामुळे 'याला काय म्हणतात' विचारण्याआधी 'हे कुठल्या पिकाचं' हे विचारलं तर उत्तर लवकर सापडतं. ताईंनी बदलीची गावं सांगितली म्हणून बेडगकरांना अर्ध्या मिनिटात लागलं, नाहीतर आपण चार दिवस सतार वाजवत बसलो असतो.

वरूडचा_संत्री:
नंबर दोन म्हणजे डोळे बांधायचा चाकू, डोळा म्हणजे काडीवरची कळी, जिच्यातून फांदी फुटते. आमच्या वरूड तालुक्यात शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, तिथं जंबेरीच्या (लिंबाची एक रांगडी जात) खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपावर, संत्र्याचा डोळा बांधतात. पात्यानं खुंटाच्या सालीवर इंग्रजी टी सारखा काप घ्यायचा, मग चाकू उलटा करून त्या हाडाच्या जिभेनं दोन्हीकडची साल अलगद उचलायची आणि आत डोळा सरकवून पट्टी गुंडाळायची, डोळ्याचं तोंड मात्र उघडं ठेवायचं. पात्यानंच साल उचलली तर आतल्या ओल्या थराला जखम होते आणि डोळा वाळून जातो, म्हणून ते हाड. आता बहुतेक पोरं साधं ब्लेड नाहीतर प्लास्टिकच्या जिभेचा चाकू वापरतात. आणि हो, साल सुटत असेल तेव्हाच हे काम जमते, खुंटात रस चढलेला नसला तर कितीही भारी चाकू आणा, साल निघतच नाही.

हिरवाचाफा:
पुण्याकडे गुलाबाला 'डोळा भरणे' म्हणतात ना? बांधणे मी तरी ऐकलं नाही.

वरूडचा_संत्री:
भरा नाहीतर बांधा, काम तेच. आमच्याकडे 'कलमा बांधल्या का' असंही विचारतात.

पुस्तककिडा:
कलम शब्दावर तर वेगळा धागा निघेल. मूळ अरबी, म्हणजे बोरूची लेखणी, बोरूला तिरका काप देऊन टोक काढतात तसंच काडीला तिरका काप देतात म्हणून झाडाचंही कलम, कायद्याचंही कलम आणि बखरींमधे शिर कलम करतात तेही हेच. कोकणात तर आणखी पुढे, तिथे 'आमची शंभर कलमं आहेत' म्हणजे शंभर हापूसची झाडं, त्यात कलम करण्याची क्रिया कुठेच नाही, रायवळ, म्हणजे बाठीपासून वाढलेलं झाड, नाही एवढंच सांगायचं असतं.

ओझरकर_दादा:
तिसरं हत्यार बघून आमचे वडील आठवले. द्राक्षाचं गर्डलिंगचं आहे ते, दुपाती चाकू. खोडाला किंवा ओलांड्याला (वेलीच्या आडव्या फांदीला) गोल फिरवायचा, दोन पात्यांमधली सालीची पट्टी बांगडीसारखी निघून येते. लाकूड कापायचं नाही, फक्त साल. होतं काय की पानांत तयार होणारी साखर सालीतून खाली मुळाकडे जाते, तो रस्ताच बंद केला तर माल घडाकडे वळतो आणि मणी फुगतो. पाणी आतल्या लाकडातून वर चढतं त्यामुळे झाड मरत नाही, आणि तीनेक आठवड्यांत जखम भरून येते. पण फट मोठी झाली किंवा पातं लाकडात घुसलं तर वेल आजारी पडलीच म्हणून समजा, म्हणून हे काम कुणालाही देत नसत, ठरलेला एकच माणूस गावभर फिरायचा. आता जीएच्या (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) डिपिंगने, म्हणजे घड त्यात बुडवून, मणी फुगवतात, तरी करणारे करतात.

हिरवाचाफा:
गर्डलिंगला मराठी काय? कंकणछेद कसं वाटतं?

ओझरकर_दादा:
मळ्यात जाऊन गड्याला म्हणा 'कंकणछेद कर', तो सोनाराकडे पाठवेल तुम्हाला. द्राक्षवाले गर्डलिंगच म्हणतात, जशी एप्रिलमधली ती खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधली गोडी छाटणी, ही अस्सल मराठी, आणि दोन्ही छाटण्यांना लागतो तो सिकेटर, हा परका. चालतंय की.

पुस्तककिडा:
सिकेटर तर द्राक्षातच जन्मलाय. बर्त्रां द मोलव्हिल नावाच्या फ्रेंच उमरावाने १८१५ च्या सुमारास काढला, त्याआधी तिकडच्या द्राक्षमळ्यांत आकड्यासारख्या वाकड्या कोयतीने छाटायचे. म्हणजे फ्रान्समधनं निघून ओझरला पोचेपर्यंत नाव जवळपास तसंच राहिलंय. घमेल्याचं उलट, पोर्तुगीज गामेला म्हणजे लाकडी पसरट भांडं, ते आपल्याकडे आलं आणि लोखंडी झालं, आता तर प्लास्टिकचंही मिळतं, आणि कोणाला परकं वाटतच नाही.

सावंतवाडीचो_झिल:
पाचवी वस्तू ती आकडी. कमरेक मागच्या बाजूक दोरीन बांधतत आणि त्या खाचेत कोयतो अडकवतत, म्हणजे माडावर चढताना दोनय हात मोकळे. वर गेल्यावर हात मागे नेलो की मूठ हातात. कोकणात आजपण बागेत जाणारो माणूस कमरेक आकडी-कोयतो असल्याशिवाय भायर पडणा नाय.

हिरवाचाफा:
पण आकडी म्हणजे आंबे काढायच्या काठीला लावतात ती ना? आमच्या आजोळी तीच.

सावंतवाडीचो_झिल:
ती पण आकडीच, फांदी वाकवूक. आंबे काढूची ती घळ, बांबूच्या टोकाक जाळी.

दापोली_पासआउट:
आमच्या बाजूला झेला म्हणतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढला तो नूतन झेला, त्याला पातं असतं म्हणजे आंबा देठासकट कापून जाळीत पडतो. देठ मोडला की चीक सालीवर उतरतो आणि काळा डाग पडतो, पेटीत असा एक आंबा दिसला तरी दलाल भाव पाडतो, म्हणून देठाला एवढा जीव. याच विद्यापीठाचा भातकापणीचा वैभव विळाही आहे, दातेरी. ताई, तुमच्या ट्रंकेतल्या विळ्यांना करवतीसारखे दाते आहेत का बघा.

ओसरीवरची:
एकाला आहेत, आणि वजनाला अगदी हलका आहे. पण पिचकारीचं कोणीच बोललं नाही अजून, पोरांनी रंगपंचमीला पळवायचा प्लॅन केलाय.

दापोली_पासआउट:
देऊ नका. पुढच्या टोपीला एकच भोक आहे की बारीक बारीक खूप? खूप असतील तर ती फवारणीची, रंगाची नाही. पाठीवरचे पंप येण्याआधी गुलाब, लिंबू असल्या हाताला येणाऱ्या झाडांवर यातनंच तंबाखूचं पाणी, साबणाचं पाणी, बोर्डो मारायचे. आणि पितळीच का याला कारण आहे. बोर्डो म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना, एक टक्क्याचं करायचं तर दोन्ही एकेक किलो आणि पाणी १०० लिटर. मोरचुदाला लोखंडाचं भांडं चालत नाही, लोखंड खाऊन टाकतं आणि तांबं त्याच्यावर बसतं. हीच गोष्ट परीक्षेलाही वापरतात, तयार मिश्रणात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून बघायचा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून चुन्याची निवळी घाला. १८८५ च्या आसपास फ्रान्समधे बोर्दो भागात द्राक्षांवर निघालेलं औषध हे, आणि आपल्याकडे आजही सुपारीची फळं कुजवणाऱ्या कोळेरोगावर तेच मारतात.

ओसरीवरची:
बारीक खूप भोकं आहेत, मोजत नाही बसले. आतून हिरवट झालीये, म्हणजे मोरचूदच का?

दापोली_पासआउट:
पितळ नुसतं पडून राहिलं तरी हिरवं होतं, त्यावरून काही सांगता येत नाही. पण पोरांच्या हातात नकोच, आतमधे पूर्वी काय काय भरलं असेल नेम नाही.

लातूरचा_गडी:
सगळे कोकण अन् नाशिकच बोलायलेत. आमच्याकडं तिफण, पुण्याकडं पाभर, विदर्भात वखर तर तुमच्यात कुळव, कोळप्याला तिकडं डवरा, याची पण एक यादी होऊन जाऊ द्या.

ओझरकर_दादा:
ही औतं झाली राव, बैलाची. ताईंच्या ट्रंकेत बैल मावायचा नाही. वेगळा धागा काढा, मी येतो.

लातूरचा_गडी:
बरं मग हातातलं घ्या. खोरं कुणी पाहिलंय का? 'खोऱ्यानं पैसा ओढतो' सगळेच म्हणतेत.

सावंतवाडीचो_झिल:
आमच्याकडे रोजचा. पाटाची माती ओढूची तर खोराच लागता. गोव्यात पण खोरें म्हणतत.

पुस्तककिडा:
शहरात फक्त वाक्प्रचारात शिल्लक आहे, तिथे त्याला फावडं म्हणतात. पण 'फावड्याने पैसा ओढतो' म्हणून बघा, काहीतरी कमी पैसा आल्यासारखा वाटतो. झारीचंही तेच, शुक्राचार्य सगळ्यांना माहीत, पण ते जिथे अडकून बसले ती तोटी रोपांना पाणी घालताना रोज हातात असते हे किती जणांच्या लक्षात येतं कोण जाणे.

हिरवाचाफा:
ओसरीवरची, चाकूची ती जीभ हस्तिदंती असेल का? जुन्या इंग्रजी चाकूंना असायची.

वरूडचा_संत्री:
भिंगातून बघा. हाडात बारीक काळपट ठिपके आणि रेघा दिसतात, हस्तिदंतात जाळीसारखी नक्षी. ताई म्हणतात त्यावरून हाडच वाटते. पण काहीही असो, गरम पाण्यात बुडवू नका, तडकेल.

ओसरीवरची:
ठिपके आहेत, म्हणजे हाड. बरं आता शेवटचं, लोखंडावर गंज चढलाय आणि लाकडी मुठी कोरड्या ठणठणीत झाल्यात, सासूबाई म्हणतात गोडंतेल लावून ठेव.

बेडगकर:
गोडंतेल मुठीला नको, ते वाळत नाही, महिन्याभरात चिकट होऊन धूळ धरतं. रंगाच्या दुकानात बेलतेल मागा, म्हणजे उकळलेलं जवसाचं, फडक्याने पातळ हात द्या, एक दिवस वाळू द्या, परत एक हात. ते फडकं चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेतं, पाण्यात भिजवून मग फेका. लोखंडाला रॉकेल आणि तारेची घासणी, नखीच्या धारेला मात्र घासणी लावू नका, तिला नुसता दगडावर एक हलका हात.