अनुभव धागा: मंगोलियाचं गवताळ पठार, पुर्गोननं आणि घोड्यावरून

उलानबातरपासून पश्चिमेला ओल्गीपर्यंत 1,600-1,700 किलोमीटर. मुख्य रस्ते आता बरेचसे डांबरी झालेत, पण मेंढपाळ त्या रस्त्यांवर राहत नाहीत. डांबर सोडल्यावर काय मोडतं, पाणी कसं मिळतं, गेरमध्ये (मेंढपाळांच्या गोल तंबूघरात) कसं वागायचं हे जाऊन आलेल्यांनी लिहावं. प्रवासवर्णन नको, कामाचं सांगा. काळ मध्य जून ते मध्य सप्टेंबर धरू.

*

गाडीपासून सुरुवात करतो. पर्याय दोन: जपानी फोर-व्हील किंवा रशियन उआझ 452, म्हणजे तिथली पुर्गोन. पुर्गोन आवाज फार करते, धूळ आत घेते, एसीचं नाव काढू नका. तरी आडबाजूला जायचं तर मी तीच घेईन. इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधे असतं, झाकण उचललं की बाहेर पाऊस असला तरी आत बसून काम होतं, आणि सुमच्या (आपल्या तालुक्याच्या) गावी तिचे सुटे भाग मिळण्याची शक्यता जास्त. कच्च्यावर 100 किलोमीटरला 15 ते 20 लिटर पेट्रोल धरा. दोन टाक्या असल्या तरी 20 लिटरचा एक कॅन जादा हवाच, कारण गावची वीज गेली की पंपही बंद. ओतताना बारीक जाळीचं नरसाळं लावा.

गाडी खड्ड्यांनी कमी आणि पन्हाळी पत्र्यासारख्या रस्त्यानं जास्त खिळखिळी होते. दिवसभराच्या थरथरीनं शॉकॅबसॉर्बरचे बोल्ट, पाट्यांचे यू-बोल्ट आणि टपावरचा कॅरियर सैल होतात. मुक्कामाला पोचल्यावर उजेड असतानाच पाना फिरवा. पहाटेच्या थंडीत बोटं चालत नाहीत.

हवा: डांबरावर 32-35 पीएसआय, खडीवर 26-28, वाळूत 18-20. वाळू संपली की तिथल्या तिथे भरा. कमी हवेवर दगडातून गेलात तर टायर कुशीत फाटतो आणि कुशीला पंक्चर टिकत नाही. स्टेपन्या दोन. जॅकखाली फूटभर चौरस जाड फळी, नाहीतर गाडी वर यायच्या ऐवजी जॅक खाली जातो.

*

नद्यांबद्दल. आधी पायी उतरा, काठी घेऊन, बूट घालून. पाणी गुडघ्याखाली आणि ओढ कमी असेल तरच गाडी घाला. जागा रुंद, पसरट शोधा. पात्र अरुंद तिथे ते खोल. अल्ताई पर्वतातल्या बर्फाच्या पाण्याच्या नद्या सकाळी खाली असतात, दुपारनंतर चढतात, म्हणून दुपारी पोचलात तर काठावर मुक्काम करा. लो रेंज, पहिला गिअर, प्रवाहाच्या दिशेनं तिरकं, आणि मधे क्लच दाबायचा नाही.

इंजिन बंद पडलं तर बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगीची वीज वाटणारा भाग) भिजलेला असतो. कॅप काढून आतून कोरड्या फडक्यानं पुसा. पण एअर फिल्टर ओला निघाला तर स्टार्टर मारू नका, आधी सगळे प्लग काढून इंजिन फिरवा आणि पाणी बाहेर पडू द्या. सिलिंडरमध्ये पाणी असताना चालू केलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पलीकडे गेल्यावर ब्रेकचे ड्रम ओले असतात, हळू चालवत पाच-सहा वेळा दाबून वाळवा.

*

वरच्यात एक भर. एकाच दिशेला आठ-दहा चाकोऱ्या जातात. ताज्या खुणांची घ्या. नकाशातली ठळक रेघ कधीच सोडून दिलेली असू शकते; खिंड कुठली एवढंच नकाशाला विचारा. पांढरट खारी जमीन पावसानंतर वरून वाळलेली दिसते, खाली चिखल तसाच असतो. वळसा घ्या.

*

गेरकडे गाडी थेट दाराशी नेऊ नका. लांब थांबून ‘नोखोई खोर’ (कुत्रं धरा) अशी हाक द्या आणि कुणी बाहेर येईपर्यंत दार उघडू नका. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. दार दक्षिणेला असतं. पाहुणा आत शिरून डावीकडे, म्हणजे पश्चिमेला बसतो. समोर उत्तरेला देव आणि मानाची जागा, तिथे बोलावल्याशिवाय नाही. मधल्या दोन खांबांना टेकू नका, त्यांच्यामधून वस्तू देऊ-घेऊ नका. चुलीत कचरा टाकायचा नाही.

वाटी उजव्या हातानं घ्या, डावा हात उजव्या कोपराखाली. बाह्या दुमडलेल्या असतील तर आधी खाली सोडा. वाटीत असतो खारट दुधाचा चहा, सूतेइ त्साई. ओठाला तरी लावा. भेट म्हणून तांदूळ, मैदा, साखर, विटेसारखा दाबलेला चहा, टॉर्चचे सेल न्या. मुलांना गोळ्या वाटत सुटू नका.

आणखी एक, फार लोक चुकतात ते. डोंगराच्या कुशीत आडोशाला रिकामे गोठे दिसतात. ती कुणाची तरी हिवाळी जागा. तिथे तंबू ठोकू नका, रचून ठेवलेलं वाळलं शेण (अरगल) तर मुळीच जाळू नका. 2023-24 च्या झुदमध्ये, म्हणजे जनावरं मारणाऱ्या हिवाळ्यात, देशात 70 लाखांहून जास्त जनावरं गेली. तशा थंडीत तो साठा म्हणजे घरची चूल.

*

शाकाहारींसाठी. गेरमधल्या भांड्यांत मटण शिजतंच, सोवळं शक्य नाही. उन्हाळ्यात दूधदुभतं मात्र मुबलक: तराग (दही), ओरोम (साय), आरूल (वाळवलेला चक्का, चावू नका, चघळा). 2,000 मीटरवर पाणी 93 अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे तूरडाळ उघड्या भांड्यात शिजता शिजत नाही. तीन लिटरचा कुकर न्या, नाहीतर मूगडाळ, पोहे, भाजलेला रवा, मेतकूट. गॅसची डबी विमानात नेता येत नाही, स्क्रूची डबी उलानबातरला घ्या. सुमच्या दुकानात कांदे-बटाटे बहुधा मिळतात, पालेभाजीची आशा सोडा.

पिण्या-शिजवण्याला माणशी रोज 5 लिटर पाणी, गोबीच्या वाळवंटात 7. गोबीतल्या काही विहिरी खाऱ्या असतात. फिल्टर जंतू काढतो, क्षार नाही.

*

घोडा: डावीकडूनच जवळ जा, डावीकडूनच चढा. ‘चू’ म्हणजे चल. तंग वीस मिनिटांनी पुन्हा आवळा, कारण खोगीर चढवताना घोडा पोट फुगवून उभा असतो. रिकिबीत पाऊल अर्धंच. घोड्यावर बसून रेनकोट काढू-घालू नका. प्लास्टिकच्या फडफडीनं बुजतो.

*

निघण्यापूर्वी रेबीजची लस घ्या. कच्चं दूध नको, ब्रुसेलोसिस होतो. तारबागान (मार्मोट) मेलेलं दिसलं तरी हात लावू नका, प्लेगचा धोका असतो; शिकारीचं मांस पुढे आलं तर नको म्हणा. पोलीस 102, रुग्णवाहिका 103, आपत्कालीन मदत 105. रेंज मुख्यतः सुमच्या आसपास. अल्ताई ताव्हान बोग्दकडे (पश्चिम सीमेवरच्या हिमशिखरांकडे) जायचं तर सीमाभागाचा परवाना लागतो. तो ओल्गीत काढता येतो, पण शनिवार-रविवारी कार्यालय उघडं मिळेल असं धरू नका.