जांभळा रोल म्हणजे हजाराचा फिल्टर?

फुटाळाकाठ: "जांभळा रोल म्हणजे हजार रुपये मोजून घेतलेला फोनचा फिल्टर," असं काल साधारोल यांनी लोमोक्रोम पर्पल या रंगीत फिल्मच्या रोलबद्दल लिहिलं. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून सविस्तर लिहिते. फिल्टर फोटो काढून झाल्यावर चढतो, नको वाटला की उतरतो. लोमोक्रोम पर्पलमध्ये हिरव्याचं जांभळं, निळ्याचं हिरवं, पिवळ्याचं गुलाबी हे निगेटिव्हमध्येच होऊन बसतं. लाल तेवढा लालच राहतो. म्हणजे बटण दाबायच्या आधी समोरचा रंग नीट पाहावा लागतो. माझा पहिला रोल मी मे महिन्यात नागपूरच्या सेमिनरी हिल्स टेकडीवर वाया घालवला. सागाला पान नाही, गवत करपलेलं. ३६ फ्रेममध्ये जांभळं काही आलंच नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा गेले. कडुनिंबाचं जांभळं वेगळं, कोवळ्या गवताचं वेगळं, त्यात मधेच गुलाबी झाक. लहानपणापासून जाते त्या टेकडीवर, पण तिथं इतके हिरवे आहेत हे त्या रोलनं दाखवलं.

साधारोल: टेकडीचं राहू द्या. माझा राग कशावर ते ऐका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींचे मोठे पुतळे मिरवतात, त्यातल्या पिवळ्या मारबतीचे फोटो एकानं याच रोलवर काढले. मारबत गुलाबी! काळी मात्र काळीच. काहून भाऊ? जिचं नावच पिवळी, तिचा पिवळा काढून घेतला तर उरलं काय? आजोबा मला खांद्यावर बसवून दाखवायचे, ही पिवळी, ती काळी. त्यांना तो फोटो दाखवला असता तर त्यांनी मारबत ओळखली नसती.

किरमिजी: एरोक्रोमसुद्धा असंच करायची नं? तिचं तर सगळे कौतुक करतात.

साधारोल: एरोक्रोमचं नाव इथं घेऊ नका. कोडॅकची ती फिल्म खरंच डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टिपायची. जिवंत पान इन्फ्रारेड परतवतं, म्हणून ते लाल-गुलाबी यायचं, आणि हिरवा रंग फासून झाडीत लपवलेलं काही असलं तर ते उघडं पडायचं. हा रोल इन्फ्रारेड बघतच नाही, नुसती रंगांची अदलाबदल करतो.

टाकीचंपाणी: रोल कोणताही भरा, धुणार कुठे? एका लॅबनं माझे स्कॅन "रंग बिघडलेत" म्हणून पुन्हा हिरवे करून दिले. तेव्हापासून घरीच धुतो. रंगीत निगेटिव्ह धुवायच्या सी-४१ पद्धतीचा डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, ३७.८ अंशांवर, सव्वातीन मिनिटं. उन्हाळ्यात हीटर लागतच नाही, गच्चीवरच्या टाकीचं पाणी पुरतं.

बर्फवाला: पुरतं? आमच्या टाकीत दुपारी ४३ भरलं होतं. मी बादलीत बर्फ टाकून खाली आणतो.

टाकीचंपाणी: बर्फानं वरचं पाणी गार, तळाचं गरम. माझे दोन रोल असेच हिरवट गेले. पहाटे धुवा.

बर्फवाला: पहाटे? आमच्याकडे नळ येतो तेव्हा घरात प्यायचं पाणी भरायची घाई असते, तिथं मी डेव्हलपर घेऊन बसू? दहा वर्षं धुतोय, मला शिकवू नका.

टाकीचंपाणी: दहा वर्षं थर्मामीटर एकाच जागी धरलात, एवढंच.

फुटाळाकाठ: बादलीवरून भांडू नका हो. साधारोल, मारबतीचं मान्य. त्या दिवशी साधाच रोल हवा होता, हे त्याला सुचायला हवं होतं. पण मागच्या हिवाळ्यात संत्रा मार्केटचे ते केशरी फोटो तुमचेच होते नं? रोल उलटा भरून काढलेले. उजेड पाठीकडून आला, फिल्मच्या लाल थराला आधी मिळाला, निळ्या थरापर्यंत फारसा पोचलाच नाही. ती अदलाबदल कशी चालली?

साधारोल: तिथं संत्री होती. संत्र्याचा रंग जागेवरच राहिला.

फुटाळाकाठ: आणि हमालाच्या पांढऱ्या सदऱ्याचा?

साधारोल: तो केशरी झाला. बरं. पाऊस पडला की एक रोल द्या, टेकडीवर बघतो. मारबतीला नेणार नाही.

टाकीचंपाणी: आज पहाटे पाचला टाकी ३६. बर्फवाला, तुमची मोजून सांगा, तळाची पण.